हिरव्या पानाची पिशवी: नाशिकच्या एका सोसायटीतलं लेबलचं प्रकरण

खतखड्डा उपसायला घेतला त्या दिवशी पाऊस थांबून चार दिवस झाले होते. माळीकाकांनी फावड्याने वरचा थर बाजूला केला, खाली चांगलं काळं, भुसभुशीत खत लागलं, आणि त्या खतात हिरव्या चिंध्या. आधी वाटलं केळीची पानं असतील. एक चिंधी नळाखाली धरली तर तिच्यावरची अक्षरं जशीच्या तशी. इंग्रजीत ‘बायोडिग्रेडेबल’, शेजारी ‘इको फ्रेंडली’ आणि एक हिरवं पान. पाच महिन्यांत वांग्याची देठं गेली, मोसंबीच्या साली गेल्या, कोणीतरी चुकून टाकलेलं सुती फडकंसुद्धा विरलं होतं. ते छापील पान मात्र ताजंतवानं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्त माणूस दिसला की सोसायटीवाले त्याला सेक्रेटरी करून टाकतात, तसं माझंही झालं. इंदिरानगरमधली आमची सोसायटी मध्यम आकाराची, वर अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि खाली रस्त्याच्या अंगाला दुकानांची रांग. त्या रांगेतल्या मिठाई-डेअरीवाल्या भाऊंच्या दुकानात जे घडलं आणि आमच्या खड्ड्यात जे सापडलं, ते एकाच आठवड्यात. दोन्हीकडे पिशवी त्याच पानाची. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पिशवी आली कशी

नाशिकला घंटागाडीचं अप्रूप नाही. नव्वदच्या दशकात दारोदार कचरा उचलण्याची ही पद्धत सुरू करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत नाशिकचं नाव घेतलं जातं. ओला-सुका वेगळा द्यायचा हेही लोकांच्या अंगवळणी पडत आलंय. अडतं ते ओल्या कचऱ्याच्या डब्याशी. डबा रोज धुणं कोणालाच नको असतं, म्हणून मग डब्यात पिशवी घालायची. ओला कचरा आम्ही सोसायटीतच जिरवायचा ठरवल्यावर साध्या पिशव्या बंद झाल्या आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला. चेअरमनसाहेबांनी तोडगा आणला. जुन्या नाशकातल्या एका होलसेलरकडे ‘विरघळणाऱ्या’ पिशव्यांचे रोल मिळतात, साध्यापेक्षा थोडे महाग, पण पिशवीसकट कचरा खड्ड्यात टाकता येतो. सर्वसाधारण सभेत हा विषय दोन मिनिटांत मंजूर झाला. त्याच सभेत पार्किंगवर दीड तास गेला होता, हे आपलं जाता जाता.

त्याच होलसेलरकडून खालच्या भाऊंनीही हँडलवाल्या पिशव्यांचे गठ्ठे आणले. श्रीखंड, पनीर, अर्धा किलो दही कागदी पिशवीत देता येत नाही, पाणी सुटतं. होलसेलरने त्यांना सांगितलं होतं, “शेठ, यावर लिहिलेलंच आहे, कोणी आलं तर वाचून दाखवा.”

पावती

खड्डा उपसल्यावर तिसऱ्या दिवशी महापालिकेच्या विभागीय कार्यालयाचं पथक आलं. स्वच्छता निरीक्षक, एक मुकादम, दोन कर्मचारी. भाऊंनी होलसेलरचा मंत्र म्हणून दाखवला. निरीक्षकांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि पाच हजारांची पावती फाडली. गठ्ठे जप्त.

या दंडाचा आधार राज्याचा आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात तुंबलेल्या नाल्यांमधून प्लॅस्टिकचे ढीग निघाले, त्यानंतर २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा आला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लॅस्टिक आणि थर्माकोलची अधिसूचना काढली. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. भाऊंची ही पहिली खेप.

भाऊ चिडून माझ्याकडे आले. “मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या. तुम्हीच सांगा, पिशवी विरघळणारी आहे की नाही?” मी त्यांना खड्ड्यातल्या चिंध्या दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे दंड बरोबर होता. पण मग तो मला का?”

हा प्रश्न मला सोडवेना. पुढचे तीन-चार महिने मी त्याच्यामागे फिरले ते त्यामुळेच.

पिशवीवर काय छापायला हवं

आधी कायदा काय म्हणतो ते बघितलं. केंद्राचे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे, त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. २०२१ च्या दुरुस्तीने कॅरीबॅगची किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. कंपोस्टेबल पिशवीला ही जाडीची अट नाही. म्हणजे पिशवी पातळ ठेवून विकायची असेल तर ‘कंपोस्टेबल’ म्हणवून घेणं हा एकच दरवाजा उघडा. आत शिरायला खोटी ओळखपत्रं छापली जाणार हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

दुसरी दुरुस्ती मार्च २०२४ ची. तिने दोन शब्द वेगळे केले. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे खताच्या प्रक्रियेत कुजणारं, आयएस १७०८८ या मानकात बसणारं. त्यावर ते फक्त औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच कुजतं असं छापायचं. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे माती, पाणी, कचराडेपो अशा उघड्या वातावरणात जैविक क्रियेने विघटन होणारं, मागे सूक्ष्म प्लॅस्टिकही न ठेवणारं. त्यावर किती दिवसांत आणि कुठल्या वातावरणात विघटन होतं हे छापायचं. दोन्हींसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. कंपोस्टेबल पिशवीवर तर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापणं २०१६ पासूनच सक्तीचं आहे.

आमच्या पिशवीवर यातलं काहीही नव्हतं. नाव नाही, क्रमांक नाही, दिवस नाहीत, वातावरण नाही. नुसतं पान.

आणखी एक गोष्ट मूळ नियमात सापडली आणि मी ती दोनदा वाचली. ही सगळी माहिती इंग्रजीत छापावी असं तिथे लिहिलेलं आहे. पिशवी वापरणार गणेशवाडीच्या बाजारातली भाजीवाली, तपासणार मुकादम, फाडून रिकामी करणार घंटागाडीवरची बाई. आणि लेबल इंग्रजीत! आमच्या मावशी वीस वर्षं कचरा वेगळा करतायत. नुसत्या आवाजावरून, चुरगळून, कुठलं प्लॅस्टिक भंगारात जाईल ते सांगतात. त्यांना ते पान दाखवलं तर म्हणाल्या, “पान काय, वडापावच्या पिशवीवर पण असतं.”

बादली

पाच हजार भरून झाल्यावर भाऊंनी दुसरीकडून पिशव्या आणल्या, भाव दुपटीहून जास्त. या पिशवीवर कंपोस्टेबल लिहिलेलं, मानकाचा क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, कंपनीचं नाव, सगळं. हात लावला की किंचित मऊ, दमट कापडासारखी. सोसायटीनेही डब्यांसाठी त्याच कंपनीचा एक रोल घेतला. आता माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. त्यांना मी ‘पानवाली’ आणि ‘नंबरवाली’ म्हणत असे, तीच नावं इथे ठेवते.

पहिली चाचणी कोणालाही करता येईल. बादलीभर पाणी घ्या, पिशवीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा कापा, बोटांनी चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे घालवा आणि पाण्याखाली नेऊन सोडा. साधं पॉलिथिन पाण्याहून हलकं, घनता ०.९२ च्या आसपास, ते वर येतं. कंपोस्टेबल पिशव्या ज्यांपासून बनतात ती पीएलए आणि पीबीएटी नावाची प्लॅस्टिकं १.२४-१.२५ च्या घरातली, ती बुडतात. पानवाली तरंगली. नंबरवाली तळाला गेली. भाऊ बघत होते, त्यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं.

अर्थात ही चाचणी फसते. पॉलिथिनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळली की तेही बुडतं, आणि स्वस्त पिशव्यांत ती मिसळतातच. तरंगली तर खोटी हे खात्रीने म्हणता येतं, बुडाली म्हणून खरी असं नाही. दुसरी चाचणी डायक्लोरोमिथेन या रासायनिक द्रवाची. त्याच्या थेंबाने पीएलए-पीबीएटी चिकट होऊन विरघळतं, पॉलिथिनला काही होत नाही. काही राज्यांत पथकं ही बाटली घेऊन बाजारात जातात. मी ती जुन्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून केली, कारण त्या द्रवाची वाफ छातीत जाणं बरं नव्हे. कोणी घरी करू नये. निकाल बादलीसारखाच आला.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. खोटी पिशवी आणि खरी पिशवी. मला वाटलं प्रकरण संपलं.

पुन्हा खड्डा

दोन्ही पिशव्यांचे अखंड तुकडे मी खड्ड्यात पुरले. कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून, वर खूण म्हणून बांबूची काडी. खड्ड्यात काचेचा लांब थर्मामीटर खोचून ठेवला आणि रोज सकाळी माळीकाका आकडा सांगत. भरपूर भाजीपाला पडला की पारा पन्नाशीजवळ जाई, दोन-तीन दिवसांत चाळिशीत उतरे, थंडी पडल्यावर तर तिशीच्या आत. नाशिकची थंडी आपल्याला आवडते, जिवाणूंना नाही.

तीन महिन्यांनी काढलं. पानवाली तशीच, धुऊन पुन्हा वापरता आली असती. नंबरवाली पिवळट, ठिसूळ, कडांना भोकं पडलेली. पण होती. तळहाताएवढे तुकडे सहज उचलता येत होते.

यात तिची लबाडी नाही. आयएस १७०८८ मधली परीक्षा साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. बारा आठवड्यांत तिचे इतके बारीक तुकडे व्हायला हवेत की दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरू नये, आणि १८० दिवसांत तिच्यातल्या कार्बनपैकी नव्वद टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन गेला पाहिजे. पीएलए मऊ पडतं तेच साठ अंशांजवळ. त्याच्या खाली ते काचेसारखं कडक बसून राहतं, पाणी आत शिरत नाही, जिवाणूंना दात रोवता येत नाहीत. आमचा खड्डा त्या तापमानाला एकदाही पोचला नाही. लेबलवर ‘फक्त औद्योगिक कंपोस्टिंग’ लिहिलेलं होतंच की. आम्हीच ते वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी औद्योगिक कंपोस्टिंग म्हणजे कुठे, हे त्यावर नव्हतं.

पानवाल्या पिशवीचं लेबल खोटं होतं आणि नंबरवालीचं खरं. खड्डा उपसताना मात्र दोन्हींचे तुकडे वेचायला माळीकाकांना तेवढेच श्रम पडले.

पानवाली कदाचित ऑक्सो-डिग्रेडेबल जातीची असेल, म्हणजे पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून उन्हात आणि हवेत तिचे तुकडे व्हावेत अशी केलेली. कदाचित साधं पॉलिथिनच असेल. पहिली शक्यता दुसरीपेक्षा बरी नाही, कारण तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून ऑक्सो वस्तू बाजारातून बादच केल्या.

कचरा ज्यांच्या अंगावर येतो त्यांचं म्हणणं

लेबलचे नियम दिल्लीत होतात. ते पाळले गेले की नाही हे रस्त्यावर बघायचं काम शहराच्या लोकांवर येतं. म्हणून मी त्यांच्यापैकी जे भेटतील त्यांना भेटले. अधिकृत भूमिका म्हणून नव्हे, माणसं म्हणून. नावं देत नाही.

ज्यांनी पावती फाडली ते निरीक्षक पहिल्यांदा सावध होते. मी भांडायला आले नाही हे कळल्यावर मोकळे झाले. त्यांचं म्हणणं असं की २०१८ ला काम सोपं होतं, पिशवी दिसली की पावती. आता प्रत्येक पिशवीला सबब आहे. त्यांच्याकडे जाडी मोजायचं गेज आहे, पण जाडीचा नियम ज्या पिशवीला लागूच नाही तिच्यासाठी ते गेज काय कामाचं? “मॅडम, खरं-खोटं मोजायचं गेज अजून निघालं नाही.” पानवालीवर त्यांनी पावती फाडली ती क्रमांक नाही म्हणून. उद्या त्याच पिशवीवर कोणीतरी खोटा क्रमांक छापला तर? तिथेच मोबाइलवर पडताळून बघता येईल, पण सकाळच्या बाजारात चाळीस फेरीवाले, मागे गर्दी, कोणी व्हिडिओ काढतोय, कोणी माजी नगरसेवकांना फोन लावतोय. त्यांना विचारलं तर त्यांची मागणी एका ओळीची होती. कंपोस्टेबल पिशवीला देशभर एकच रंग द्या, दुसऱ्या कोणाला तो रंग वापरू देऊ नका.

दोन नियमपुस्तकांचा घोळही त्यांनीच समजावला. केंद्राच्या नियमांत कंपोस्टेबल कॅरीबॅग चालते. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत अशा पिशव्यांना सूट आहे ती रोपवाटिका, फळबाग, शेती, कचरा हाताळणी असल्या कामांसाठी, तेही त्या कामापुरती असं छापून. पुढे २०२२ च्या अखेरीस राज्याने कंपोस्टेबल पदार्थांपासून केलेल्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांना प्रमाणपत्राच्या अटीवर वाट दिली. मग नंबरवाल्या पिशवीत दही दिलं तर काय? एका विभागात चालतं, दुसऱ्यात अडतं, असं ते हसत म्हणाले. ते हसणं मला फार आवडलं नाही, पण समजलं.

विभागीय कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दंड दुकानदाराला का? कारण नियमांत कामाची वाटणीच तशी आहे. प्लॅस्टिकच्या उत्पादनाची नोंदणी आणि त्यावरची कारवाई राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. शहरात पिशवीचा वापर आणि कचरा नगरविकास खात्याकडे, म्हणजे प्रत्यक्षात महापालिकेकडे. खेड्यात ग्रामपंचायतीकडे. शिवाय केंद्रीय नियमांत किरकोळ विक्रेत्यावर आणि फेरीवाल्यावर स्वतंत्र जबाबदारी आहे. नियमाप्रमाणे लेबल नसलेल्या पिशवीत माल द्यायचा नाही, दिला तर स्थानिक संस्थेच्या उपविधींप्रमाणे दंड. खोटं पान छापलं कारखान्याने, आणि महापालिकेचा हात पोचतो तो पिशवीच्या दुसऱ्या टोकाला. नमुना तपासायला पाठवायचा तर सिपेटसारखी, म्हणजे केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक तंत्रज्ञान संस्थेसारखी, संस्था लागते. आपल्याला जवळची छत्रपती संभाजीनगरची. विघटनाची पूर्ण परीक्षा सहा महिन्यांपर्यंत चालते. पाच हजारांच्या पावतीसाठी कोण सहा महिने थांबेल?

सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी. यांत्रिक खत प्रकल्पांत त्यांची हयात गेली, वेगवेगळ्या शहरांत. त्यांनी नंबरवाली पिशवी हातात घेतली आणि म्हणाले, “ही आमच्या प्रकल्पात कधी कुजलीच नसती. कुजायला आधी आत तर यायला पाहिजे.” मिश्र कचरा आला की फिरत्या जाळीच्या पिंपात आणि पट्ट्यावर पातळ प्लॅस्टिक आधीच बाजूला काढतात आणि ते जाळण्यासाठी इंधन म्हणून सिमेंटच्या कारखान्यांकडे वगैरे रवाना होतं. पट्ट्यावर उभा असलेला कामगार प्रत्येक पिशवी उलगडून मानकाचा क्रमांक वाचत बसत नाही. चुकून आत गेलीच, तर आपल्याकडे रास उलथापालथ होते महिना-सव्वा महिना. पिशवीला तेवढा वेळ पुरत नाही, ती खताच्या चाळणीवर येते. आणि खतात चमकणारा एक तुकडा दिसला तरी शेतकरी पोतं परत करतो. निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला आधीच बागेतल्या मल्चिंग पेपरच्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी वैतागलेला, तो शहराचं प्लॅस्टिक विकत कशाला घेईल?

गॅस करणाऱ्या प्रकल्पांचं त्याहून वेगळं. नाशिकमध्ये २०१७ साली जर्मन सहकार्याने हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करून वीज तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. अशा टाक्यांत हवा नसते आणि तापमान बहुधा पस्तीस-चाळीसच्या घरात असतं, त्यात पीएलए-पीबीएटी फार संथ कुजतं. पातळ पिशवी ढवळणीच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि काम थांबतं. म्हणून त्या गृहस्थांचं मत पक्कं होतं. लेबलवर पिशवी काय करू शकते हे लिहून शहराचा काही उपयोग नाही. ती कुठल्या डब्यात टाकायची हे लिहा, आणि ते त्या-त्या शहराला ठरवू द्या.

एका माजी नगरसेवकांचं म्हणणं नेमकं उलट. प्रत्येक शहराने आपापलं लेबल ठरवलं तर पिशवी बनवणाऱ्याने करायचं काय? आणि बंदी आली की मार खातो तो हातगाडीवाला, मॉल नव्हे. त्यांना कायद्यात सवलत हवी होती, मराठीत लेबल हवं होतं आणि पहिल्या खेपेला दंडाऐवजी समज. मला त्यांचं मराठी लेबलचं पटलं, बाकीचं निम्मं.

पॅसिफिकच्या काठावरून

शहरांना लेबलच्या कायद्यात हात असणं शक्यच नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०११ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१३ पासून कुठल्याही प्लॅस्टिक वस्तूवर ‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘डिग्रेडेबल’ हे शब्द छापायलाच मनाई केली. आपण त्या शब्दाची व्याख्या घट्ट करत बसलो, त्यांनी शब्दच काढून टाकला. ‘कंपोस्टेबल’ म्हणायचं तर ठरलेल्या मानकात बसून दाखवायचं. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. हा कायदा मोडणाऱ्यावर दिवाणी दंड लावायचा अधिकार राज्याइतकाच शहराला आणि काउंटीलाही (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, पहिल्या वेळी पाचशे डॉलर, मग हजार, मग दोन हजार. वसूल झालेली रक्कम ज्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाने खटला चालवला त्यालाच मिळते. म्हणजे खोट्या लेबलमुळे ज्या शहराचं खत बिघडतं, ते शहर स्वतः थेट लेबल लावणाऱ्याच्या दारात जाऊ शकतं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल असं मी म्हणत नाही. पण विभागीय अधिकाऱ्यांना सांगितल्यावर ते खुर्चीत पुढे सरकून बसले, एवढं खरं.

सिंहस्थ तोंडावर आला आहे. रामकुंड, तपोवन, त्र्यंबक, सगळीकडे अन्नछत्रं लागतील आणि ‘इको फ्रेंडली’ ताटल्यांचे ट्रक येतील. खोट्या लेबलवाल्या कारखान्यावर कारवाईचा अधिकार शहराला नसला तरी खरेदीदार म्हणून त्याच्या हातात निविदा आहे. प्रमाणपत्राचा क्रमांक पडताळून घेऊ, वापरलेला माल कुठल्या प्रक्रियेला जाणार ते पुरवठादाराने आधी लिहून द्यावं, एवढ्या अटी घालायला कुठला नवा कायदा लागत नाही. आणि पळसाची पत्रावळ आमच्या खड्ड्यात तीन आठवड्यांत दिसेनाशी होते, तिला लेबल कधी लागलंच नाही.

सध्या

सोसायटीने डब्यातल्या पिशव्या बंद केल्या, खऱ्याही. तळाला जुन्या वर्तमानपत्राची घडी घालायची, डबा आठवड्यातून दोनदा खाली नळावर धुवायचा. चार घरांनी अजून अबोला धरलाय. भाऊ दही-पनीरला डबा आणणाऱ्याला दोन रुपये कमी लावतात, बाकीच्यांना नंबरवाली पिशवी देतात आणि विभाग बदलला तर काय या चिंतेत असतात. होलसेलरने पाच हजार परत दिले नाहीत, पुढच्या मालात वळते करतो म्हणाला. भाऊंनी पुढचा माल घेतला नाही.

मी तक्रार करायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२४ पासून पर्यावरणाच्या नावाने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, आणि त्या कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. चिंध्या, बादलीचे फोटो, थर्मामीटरचे आकडे, पावतीची झेरॉक्स, सगळं जोडून अर्ज लिहायला बसले. तिसऱ्या ओळीला अडले. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव आणि पत्ता लिहायचा होता. होलसेलर म्हणतो माल गुजरातेतून येतो, बिल नाही. मी चिंधी पुन्हा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि लिहिलं, ‘पिशवीवर छापलेले नाही, हीच तक्रार आहे.’